लॉट पास

नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यात रात्री-बेरात्री ट्रक उभे करणारे ड्रायव्हर कुत्र्यांना भीत नाहीत, काकांच्या राजहंसांना भितात. माना जमिनीसरशी लांबवून, फुसफुसत ते पाच पक्षी अंगावर आले की भलेभले क्लीनर केबिनमध्ये चढून बसतात. त्या पाचांनाही धाक एकाच माणसाचा. रजिस्टर घेऊन उभ्या असलेल्या काकांचा.

काका डिफेन्समधून, म्हणजे अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झाले. उभी नोकरी तपासणीत गेली. 2021 साली फॅक्टरी ‘यंत्र इंडिया’त गेली, काका अजून क्वालिटी कंट्रोलमध्येच आहेत. कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून भाजीवाल्याला ‘लॉट पास’ म्हणतात. प्रत्येक हंसाच्या पायात नंबराची कडी, रजिस्टरात प्रत्येकाचं वेगळं पान.

त्या पानावर लसीची नोंद. लस मानमोडीची, म्हणजे राणीखेतची. राजहंसाला हा रोग सहसा आडवा करत नाही, पण तो विषाणू बाळगून शेजारच्या कोंबड्यांना देऊ शकतो, असं ढोर दवाखान्याचे डॉक्टर एकदा सहज बोलून गेले आणि गल्लीची शांतता संपली. कारण कुपी 100 डोसांची. एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवायची, उरलेली फेकायची. पाच हंसांपायी 95 डोस फेकणं काकांना मरणप्राय. मग आदल्या संध्याकाळी दारोदार फेरी.

“काका, माह्या कोंबड्या तं चांगल्या हायेत न. काऊन टोचता त्यायले?” शेजारच्या काकू.

“चांगल्या हायेत म्हणूनच. बिमार पक्ष्याले लस देत नसतात.”

पहाटे, ऊन चढायच्या आत, दवाखान्याचा परिचर थर्मास घेऊन येतो. काका आधी बर्फात बोट घालून पाहतात. एरवी पुण्याचं नाव काढलं की नाक मुरडणारे काका औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेचं लेबल मात्र चष्मा पुसून वाचतात. बॅच नंबर मोठ्यानं, एक्स्पायरी दोनदा. मग सूचना सुटतात : पाय धरू नका, पंख अंगाशी दाबा, हंस काखेत घ्या, चोच मागं. सूचना काकांच्या, काख दुसऱ्याची.

मार्च 2024 मध्ये नागपुरातल्याच सेमिनरी हिल्सच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रात बर्ड फ्लू निघाला, तेव्हा काकांनी डॉक्टरांना गाठलं : याचीही टोचून टाका. डॉक्टर म्हणाले, ती आपल्याकडे देत नाहीत. रोग निघाला की भोवतालच्या एक किलोमीटरातले पक्षी नष्ट करतात. काका गप्पच झाले. लॉट रिजेक्ट करताना आयुष्यात कधी त्यांचा हात थरथरला नव्हता. त्या रात्री मात्र नकाशावर पट्टी ठेवून त्यांनी सेमिनरी हिल्सपासून वाडीपर्यंतचं अंतर तीनदा मोजलं.

यंदा टोचणीच्या वेळी तीन नंबरनं परिचराच्या मनगटाचा असा लचका घेतला, की तो थर्माससकट खाली बसला. काकूंनी हळद आणली. काकांनी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं : पक्षी क्र. 3. डोस : दिला. चपळाई : उत्तम. लॉट पास.