वाळवंट, व्हिसाशिवाय

पुण्यातल्या सुखवस्तू मंडळींना हल्ली नामिबिया खुणावतो. विंडहूकला टपावर तंबू असलेली भाड्याची गाडी घ्यायची, टायरमधली हवा थोडी कमी करायची आणि खडीच्या रस्त्याने धूळ खात डेडफ्ले गाठायचे. तिथे भेगाळलेला कोरडा तळ, मधोमध शेकडो वर्षांपूर्वी वाळलेली झाडे. उभे राहून म्हणायचे, 'काय शांतता आहे!'

भाटघरला हे सगळे व्हिसाशिवाय मिळते. १९२०च्या दशकात गव्हर्नर लॉइड यांच्या नावाने बांधलेल्या या धरणात मे महिन्यात तशाच भेगा पडतात. शिवाय एरवी पाण्याखाली असणारे कांबरेश्वराचे देऊळ वेळवंडीच्या पात्रातून वर येते. ही सोय डेडफ्लेत नाही. टायरमधली हवा आपले खड्डे विनामूल्य कमी करतात.

नामिबियातल्याच एतोशा राष्ट्रीय उद्यानातल्या लॉजवर पर्यटक रात्री दिव्यांच्या उजेडात, पाणवठ्यावर कोण येते ते श्वास रोखून पाहतात. भोर-वेल्ह्याच्या डोंगरवाड्यांवर उन्हाळ्यात अशीच वाट पाहिली जाते, टँकरची. धरण उशाला, कोरड घशाला. पाणी तेवढे नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणच्या उसाकडे सफारीला गेलेले.

चित्ते मात्र इथे नाहीत, कबूल. पण सप्टेंबर २०२२मध्ये नामिबियाने आठ चित्ते आपल्या कुनोला धाडले. ते विमानाने इकडे आले, आपण विमानाने तिकडे जातो. फरक एवढाच, की त्यांना तिकिटाचे हप्ते फेडावे लागले नाहीत आणि आल्यावर त्यांनी कुणाला बळेच फोटोही दाखवले नाहीत.