मुदत संपलेल्या बंदुकीचा एस.टी. प्रवास

शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 13 मध्ये शेतसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे जिच्या तोंडातून दारू व छर्रे घालून ते गजाने ठासावे लागतात अशा बंदुकीचा, स्वतंत्र उल्लेख आहे. तळकोकणातील अनेक घरांत अशी बंदूक बापाकडून मुलाकडे येते. प्रस्तुत प्रवाशाकडेही ती याच मार्गाने आली. नेम मात्र वारसाहक्कात बसत नसल्याने वडिलांबरोबरच गेला. परवान्याची मुदत 2019 च्या दुरुस्तीने तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली, आणि त्यामुळे नूतनीकरण विसरण्यासाठी नागरिकाला दोन वर्षे अधिक मिळाली.

मुदत संपल्यावर शस्त्र विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे कलम 21 सांगते. अर्थात जी बंदूक बाळगण्याचा अधिकार उरलेला नाही, तीच बाळगत ठाण्यापर्यंत जावे लागते. म्हणून ती गोणपाटात गुंडाळून, सुतळीने आवळून एस.टी.त चढवण्यात आली. वाटेत खाडी होती, काजूला मोहोर होता आणि महामार्गाचे काम चालू होते. तिन्ही गोष्टी जुन्याच.

वाहकाने गोणपाटाकडे बोट दाखवताच प्रवाशाने "पाइप" असे उत्तर दिले, जे सत्यापासून फार लांब नव्हते. परंतु मागच्या बाकावर नळजोडणीचा व्यवसाय करणारे एक गृहस्थ होते, आणि त्यांनी "किती इंची?" असे विचारले. प्रवाशाला बंदुकीविषयी एकच माप पाठ होते: गुळगुळीत नळीच्या बंदुकीची नळी किमान वीस इंच लांब असावी, असे याच कायद्यात म्हटले आहे. त्याने "वीस" म्हटले. नळकामात इंच हे नळीच्या व्यासाचे माप असल्याने आणि वीस इंची नळ केवळ मोठ्या पाणीपुरवठा योजनेलाच लागत असल्याने, क्षणात प्रवासी ठेकेदार ठरला. गोणपाटाची जाडी पाहून कोणाला संशय यावा, तर तसे झाले नाही. शासकीय योजनेचा पाइप असाच असणार, यावर सर्वांचे एकमत होते. जुन्या योजनेची कोरडी टाकी, न भरलेले चर, वाया गेलेले सिमेंट हे सर्व त्याच्या नावावर जमा झाले, आणि एका बाईंनी "वरच्या वाडयेत पाणी कधी येतला?" असे इतक्या साधेपणाने विचारले की प्रवाशाला खोटे बोलल्यापेक्षा पाणी नसल्याचीच लाज अधिक वाटली.

शेजारचे वृद्ध शेतकरी मात्र या चर्चेत पडले नाहीत. गोणपाटावरून हात फिरवताना त्यांची बोटे घोड्यावर, म्हणजे चाप ओढल्यावर केपेवर आपटणाऱ्या भागावर, थांबली. "घोडो गंजलो वाटता," ते हळूच म्हणाले, आणि पुढे वाच्यता केली नाही. त्यांची स्वतःची बंदूक आचारसंहितेच्या काळात ठाण्यात जमा होत असे. विधानसभेचे मतदान 2019 मध्ये ऑक्टोबरात आणि 2024 मध्ये नोव्हेंबरात झाले, म्हणजे दोन्ही वेळा भात कापणीच्या सुमारास. माणसांनी शस्त्रे खाली ठेवावीत हे रास्तच. पण उभे भात लोळवणाऱ्या डुकरांना आचारसंहिता लागू नसते. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मुळे शेतसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. बंदुकीचे मुख्य काम आवाज करणे हेच. "बार काढलो की रात्रभर येनत नाय," म्हाताऱ्यांनी सांगितले. घरी आता ते पत्र्याचा डबा वाजवतात.

ठाण्यात हवालदारांनी रॉकेलच्या बोळ्याने नळी घासली, तेव्हा कुठे गंजाखालचा क्रमांक दिसला. त्यातला शेवटचा आकडा 3 की 8 यावर बराच वेळ गेला, आणि परवाना पुस्तिकेतील वडिलांच्या काळची निळी शाई पाहून अखेर 8 ठरला. पावतीवर "ठासणीची बंदूक, एक, निकामी" असे लिहिले गेले. "निकामी" या शेऱ्यावर प्रवाशाला हरकत घ्यायची होती. परंतु हरकतीसाठी वेगळा अर्ज लागतो आणि अर्ज घेणारे जेवायला गेले आहेत असे कळल्याने त्याने परतीची एस.टी. पकडली.