मागून हॉर्न वाजवणाऱ्या महोदयांस खुले पत्र

प्रति,
मागच्या गाडीतील महोदय,
मुक्काम : आमच्या डिकीपासून वीतभर अंतरावर, शिरवळ

विषय : आपण देत असलेल्या मोफत मार्गदर्शनाबद्दल आभार

महोदय, स.न.वि.वि.

शिरवळला कंपन्यांची पाळी सुटली, की स्टाफच्या बसगाड्या, दुचाक्या, उसाची डबल ट्रॉली आणि आम्ही शिकाऊ मंडळी एकदमच रस्त्यावर येतो. पुढचा ट्रॅक्टर जरा हलतो न हलतो तोच आपला हॉर्न वाजतो. आमचा डावा पाय दचकून क्लचवरून निसटतो, गाडी दोन आचके देते आणि बंद पडते. ती बंद पडल्याचे आम्हाला कळले नसेल म्हणून आपण पुन्हा हॉर्न वाजवता. केवढी ही काळजी!

आमचे ट्रेनिंग स्कूलचे मास्तर मात्र जुन्या वळणाचे. ते म्हणतात, क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट पुढे घ्या, नाहीतर मांडी भरून येईल. टाच टेकवा, चवड्याने पेडल सावकाश वर येऊ द्या. इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट जरासे उचलले, की पाय तिथेच थोडा थोपवा. गाडी थांबली की न्यूट्रल, हँडब्रेक, आणि पाय क्लचवरून खाली.

पण आपल्या धाकाने आम्ही न्यूट्रल करतच नाही. गिअर टाकण्यात एखादा सेकंद वाया गेला तर आपल्याला काय वाटेल! म्हणून फर्स्ट टाकून, क्लच तळाला दाबून ताटकळतो. पोटरीत गोळा येतो, गुडघा लटलटतो, आणि त्या कापऱ्या पायाने क्लच सोडला की गाडी पुन्हा बंद. म्हणजे आम्हाला घाई करून आपण स्वतःलाच उशीर करून घेता. इतका निःस्वार्थी माणूस पंचक्रोशीत सापडायचा नाही.

पुढे खंबाटकीचा घाट आहेच. बोगदा झाला तो पुण्याकडे येणाऱ्यांसाठी. साताऱ्याला निघालेल्यांच्या वाट्याला वर्षानुवर्षे घाटच आला. चढावर कोंडी झाली, की हाफ क्लचवर गाडी तोलून धरायचा मोह होतो. मग क्लचप्लेट घासून तापते, जळका वास सुटतो आणि पायाची शुद्ध जाते ती वेगळीच. मास्तरांची रीत अशी : हँडब्रेक ओढा, क्लच पकडू द्या, थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या, मग हँडब्रेक सोडा. याला चार सेकंद लागतात. आपण तेवढ्यात पाच हॉर्न बसवता.

सरकारला मात्र आपली कदर नाही. ट्रकमागचे ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्राने २०१५ साली बंद केले. २०१९ च्या दुरुस्तीने तर मोटार वाहन कायद्यात विनाकारण हॉर्नला पहिल्यांदा १००० आणि पुन्हा केल्यास २००० रुपये दंड घातला. आम्हाला पांढऱ्यावर लाल ‘एल’ पुढे आणि मागेही लावायला लावतात. मागचा खास आपल्यासाठी असतो. पण आपण इतके जवळ असता, की तो आपल्या बॉनेटआड जात असावा.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक शिकाऊ चालक

ता.क. : चढावर नवशिक्याची गाडी थोडी मागे येते. हात हॉर्नवरून निघतच नसेल, तर निदान गाडी तरी चार हात मागे ठेवावी.