पावणेनऊ मिलिमीटर

नॅरोगेज रेल्वेच्या चिमुकल्या वाघिणी, म्हणजे मालडबे, बनवणारा माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या बोटांची टोकं पाहावीत. तिथे सुपरग्लूचा वाळलेला पापुद्रा असतो. त्यामुळे पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी हा गृहस्थ यंत्रावर अंगठा ठेवतो तेव्हा यंत्र त्याला ओळखच दाखवत नाही. मग तर्जनी, मग मधलं बोट. मागची रांग चुळबुळायला लागते. काउंटरवरची मुलगी सहानुभूतीने विचारते, ‘‘काका, शेती करता का?’’ मातीत राबणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात हे तिला ठाऊक असतं. काका म्हणतात, ‘‘नाही, रेल्वे आहे आपली.’’

रेल्वेत हा माणूस एक दिवसही नव्हता. एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात उभी हयात पेन्सिलींना टोकं काढून तो निवृत्त झाला. असा एखादा पुण्यात असतो, ठाण्यात असतो, सोलापुरात तर हटकून असतो. घरच्यांनी त्याला बाल्कनीचा एक कोपरा दिलेला असतो. कोपऱ्यात टेबल, टेबलावर भिंगाचा दिवा, कानशी, चिमटे आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी. पाटी ड्रॉइंग ऑफिसच्या अक्षरात.

मुळात हा काटकसरी. टूथपेस्टची ट्यूब कात्रीने उभी चिरून आतून निपटून घेणारा, आणि आलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर किराणा लिहिणारा. त्यामुळे रेल्वेच्या एवढ्या मोठ्या संसारात त्याचा जीव नॅरोगेजवर जडला, हे त्याच्या स्वभावाला धरूनच झालं. नॅरोगेज ही गरिबाघरची रेल्वे. रूळ हलके, वळणं आखूड, पूल लहान, खर्च बेताचा.

या धर्माचा त्याच्या लेखी एकच प्रेषित: एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. हा इंग्रज इंजिनिअर जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला, रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि बार्शीच्या कापसाला मुख्य लाइनपर्यंत आणण्याचा ध्यास घेऊन बसला. अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे 1897 साली सुरू झाली ती त्याच्यामुळे. कॅल्थ्रॉपचं गणित सोपं होतं. इंजिन असो, डबा असो की वाघीण असो, एका आसावर पाच टनांहून जास्त भार नको. भार सगळीकडे सारखा वाटला की यार्डाला तीस पौंडांचे किडमिडे रूळही पुरतात. आपले काका हे गणित सांगताना उभे राहतात. पाहुण्याच्या हातातला चहा निवलेला असतो, पण गाडी अजून कुर्डुवाडीही सोडत नाही. पुढे ती 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचायची असते. त्याच 1927 मध्ये कॅल्थ्रॉप वारला, हे सांगताना काकांचा आवाज असा पडतो की पाहुण्याला आपण सुतकात आल्यासारखं वाटतं.

कॅल्थ्रॉपने नंतर विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट काढलं, अरबी घोडे पाळले, घोड्यांवर पुस्तक लिहिलं. काकांना हे ठाऊक आहे, पण ते याला भरकटणं समजतात.

आता मूळ दुखणं. बार्शी लाइनची रुंदी अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. तिची 87 पट लहान प्रतिकृती करायची तर रुळांमध्ये अंतर हवं पावणेनऊ मिलिमीटर. बाजारात रूळ मिळतात ते नऊचे. पाव मिलिमीटरचा फरक. तुम्ही आम्ही पाव मिलिमीटर पाहिलेलासुद्धा नसतो. पण काका त्याला पुन्हा 87 ने गुणतात आणि सांगतात, की खऱ्या रुळावर हा फरक पाऊण इंचाच्या वर जातो. ‘‘पाऊण इंच!’’ ते म्हणतात, ‘‘गाडी घसरेल!’’

गाडी घसरणार नसते, कारण गाडी चालतच नाही. सगळं मिळून दोन फुटांची एक फळी आहे. तिच्यावर रूळ आहेत, खडी आहे, एक बाभूळ आहे, पण इंजिन नाही. ‘‘इंजिनाचं नंतर पाहू,’’ असं काका बरीच वर्षं म्हणताहेत. सोसायटीतली मुलं येतात, वाघीण बोटाने ढकलायची परवानगी मागतात, ती मिळत नाही, मग खाली क्रिकेट खेळायला जातात. जाताना एक जण विचारतो, ‘‘आजोबा, मग ही करते काय?’’ आजोबा म्हणतात, ‘‘उभी राहते.’’ आणि यात चूक काहीच नाही. मालाची वाघीण आयुष्याचा बराचसा काळ कुठल्या तरी सायडिंगला उभीच असते.

किट येतं ते ऑस्ट्रियाच्या डोंगरी गाड्यांच्या डब्याचं, कारण तिकडचं गेज 760 मिलिमीटरचं. दोन मिलिमीटर काकांनी मोठ्या मनाने माफ केले आहेत. सोबतची सूचनापत्रिका जर्मन भाषेत. पार्सल पोस्टमन आणतो आणि वर कस्टम ड्युटी मागतो. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवणारा हा माणूस त्या वेळी हूं की चूं न करता पैसे मोजतो. स्वयंपाकघरातून विचारणा होते, ‘‘अहो, केवढ्याला पडलं?’’ काका म्हणतात, ‘‘अठरा.’’ युरो हा शब्द ते उच्चारत नाहीत. खोटं बोलत नाहीत, एवढंच. काकूंनाही ते केव्हाच कळलेलं आहे. त्यांनी मागच्या दिवाळीत पैठणी घेतली तेव्हा किंमत ‘‘दोन’’ सांगितली होती.

खोका उघडणं हा सोहळा असतो. एका चौकटीला चिकटलेले प्लास्टिकचे भाग: बाजू, टोकं, दारं, बोग्या, आणि तांदळाच्या कणीएवढे ब्रेकचे दांडे. काका ते मोजतात, साबणाच्या पाण्याने धुतात, कारण साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. मग एकेक भाग कापून घ्यायचा आणि त्याच्या कडेला साच्यातून आलेली पातळ पापडी ब्लेडने खरवडायची. उरलेली चौकट टाकायची नाही. ती मेणबत्तीवर धरून मऊ झाली की दोन्ही टोकांनी ओढायची, म्हणजे केसाएवढी बारीक तार निघते. वाघिणीचे हातदांडे त्याच तारेचे होतात. हे करताना काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो अठरा युरो पूर्ण वसूल झाल्याचा असतो.

सांगाडा काटकोनात आहे की नाही हे आरशावर ठेवून पाहायचं. आठ चाकांपैकी एक जरी आरशाला टेकलं नाही, तरी जोड सोडवून पुन्हा. एकदा काकांनी जोडलेला सांगाडा मी हातात घेऊन म्हटलं, छान झालाय की. त्यांनी तो परत घेतला, आरशावर ठेवला आणि एका कोपऱ्यावर नख टेकवलं. वाघीण जेमतेम डुगडुगली. ‘‘छान?’’ त्यांनी विचारलं, आणि माझ्याबद्दलचं त्यांचं मत कायमचं ठरलं.

बार्शीची वाघीण पंचवीस फूट लांब आणि सात फूट रुंद. ऑस्ट्रियाची तशी कशी असेल? म्हणून किटमधले निम्मे भाग बाजूला ठेवून बाजू प्लास्टिकच्या पत्र्यातून नव्याने कापायच्या. पत्र्याला मागून बोथट सुईने टोचलं की पुढे रिव्हेटचे फुगवटे उठतात. ते किती उठवायचे यासाठी जुन्या फोटोवर भिंग धरून मोजणी चालते. फोटोत निम्म्या वाघिणीपुढे एखादा साहेब हॅट घालून उभा असतो. त्या साहेबाला काकांनी घातलेल्या शिव्या इथे देता येत नाहीत.

मापांसाठी खऱ्या वाघिणी पाहाव्या लागतात, आणि म्हणून या दांपत्याची सहल नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात होते. तिथे काका गुडघ्यांवर बसून सांगाड्याखाली डोकं घालतात, आणि काकू वाघिणीला खेटून ताठ उभ्या राहतात. काकूंची उंची पाच फूट एक इंच. फोटोवरून माप काढायला पट्टीपेक्षा त्या बऱ्या, असं काकांचं म्हणणं. त्यांच्या घरी लग्नानंतरच्या फोटोंचा जो आल्बम आहे त्यात काकू दारांजवळ, बफरांजवळ, बोगीजवळ आहेत. एका फोटोत तर त्यांचा फक्त खांदा आणि पदर आहे, आणि खाली काकांच्या सुबक अक्षरात लिहिलंय: ‘दाराची कडी, जमिनीपासून 4 फूट 2 इंच’. मुलीच्या लग्नाआधी हा आल्बम व्याह्यांनी पाहिला होता. लग्न झालं, हे विशेष.

पण काकांची खरी कला रंगात. बार्शीच्या वाघिणींचे जुने फोटो काळेपांढरे, तेव्हा रंग कोणता यावर वाद घालायला पुष्कळ मोकळी जागा आहे, आणि काका ती पुरेपूर वापरतात. करडं प्राइमर फवारून झालं की तांबूस लाल. त्यात थोडा पांढरा, कारण लहान वस्तूवर खरा रंग भडक दिसतो. हा थर सुकला की डोळ्यांना इतका देखणा दिसतो की कुठलाही शहाणा माणूस इथे थांबेल. काका इथे सुरू करतात.

आता नवी वाघीण जुनी करायची. काळा रंग पाण्यासारखा पातळ करून अंगभर सोडायचा, तो फटींमध्ये आणि रिव्हेटांच्या बुडाशी जाऊन बसतो. मग ब्रशवरचा रंग कागदावर जवळजवळ पुसून टाकायचा, आणि त्या कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवरून हलका हात फिरवायचा. कडा उजळतात. दाराच्या खाली गंजाचा ओघळ, तोही वरून खाली बारीक होत जाणारा. छपरावर इंजिनाच्या धुराची काजळी. आतल्या बाजूला फळ्या बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेल्या, कारण माल आत घासतो. चाकाची रुळावर टेकणारी कड मात्र चकचकीत, कारण तिथे गंज राहूच शकत नाही. हे सगळं करताना काका पुटपुटत असतात: ‘‘ही पावसाळ्यात लातूरला उभी होती.’’ कोण होती, कधी होती, विचारू नये.

एकदा अस्सलपणाच्या भरात त्यांनी कुर्डुवाडीच्या स्टेशनाबाहेरची मूठभर माती पिशवीतून आणली, काकूंच्या जुन्या साडीतून वस्त्रगाळ केली आणि वाघिणीच्या अंगावर भुरभुरवली. भिंगातून पाहिलं तर वाघिणीवर दरड कोसळलेली! मातीचा कणही 87 पट लहान हवा, हे निसर्गाच्या ध्यानात आलेलं नव्हतं. तेव्हापासून धूळ म्हणून रंगीत खडूची पूड. कुर्डुवाडीची माती काकूंनी तुळशीत घातली.

माल मात्र फक्कड जमतो. एम-सीलच्या बारक्या गोळ्या करायच्या, जरा दाबून पोत्याचा आकार द्यायचा आणि ओल्या असतानाच त्यांच्यावर औषधाच्या दुकानातलं बँडेजचं कापड दाबायचं. गोणपाटाची वीण हुबेहूब उठते. अशी पोती वाळत घातलेलं ताट एकदा त्यांच्या जावयाने बडीशेपेच्या गोळ्या समजून पुढे ओढलं होतं. काकांनी ‘‘अहो, ते तुरीचं पोतं आहे’’ असं म्हणत त्यांचा हात धरला. जावईबापूंनी तो खुलासा तोंडातून काढून समोर धरला.

काकांच्या कपाटात न उघडलेली किटं रचून ठेवलेली आहेत. जोडून झालेल्या वाघिणींपेक्षा ती पुष्कळ जास्त, आणि दर वर्षी त्यांत भर पडते. कोणी म्हटलं की आता तरी आधीची संपवा, तर ते मनापासून दुखावतात. त्यांच्या मते किट संपवायचं नसतं. असलेलं बरं असतं, कंपनी बंद पडली तर? बार्शी लाइटही 1954 साली सरकारात गेली आणि पुढे तिची ब्रॉडगेज झाली, तेव्हा कुठे कोणी आधी विचारलं? ब्रॉडगेज हा शब्द त्यांच्या घरात दबक्या आवाजात घेतला जातो. आता बार्शीला, पंढरपूरला मोठी गाडी जाते, लोकांची सोय झाली, हे ते मान्य करतात. मिरजेला मात्र ते एसटीने जातात.

माथेरानवाल्यांशी त्यांचं वेगळंच वैर. माथेरानची गाडी दोन फुटी, 1907 सालची, तीही आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पैशाने उभी राहिलेली, अजून चालू, आणि तिला पर्यटक. काकांच्या नजरेत ती ‘हवा खायला जाणाऱ्यांची’ गाडी. माल वाहिल्याशिवाय त्यांच्याकडे कोणाला मान नाही.

अलीकडे मात्र या नेमस्त घरात अनर्थ झालाय. कॅल्थ्रॉपने इंग्लंडात लीक आणि मॅनिफोल्ड नावाची आणखी एक अडीच फुटी लाइन केली होती, 1904 ची. तिच्यासाठी त्याने एक अफाट वाघीण काढली: मोठ्या गेजचा अख्खा डबा चाकांसकट पाठीवर घेऊन नॅरोगेजवरून चालणारी, म्हणजे माल उतरवून भरायची कटकट नको. मोठी गाडी धाकटीच्या पाठीवर! काकांना बार्शीचा सूड उगवल्यासारखं झालं. त्यांनी किट मागवून टाकलं. किट आलं आणि काकांनी प्रमाण वाचलं. इंग्रजी किट, 87 नव्हे, 76 पट लहान. त्या प्रमाणात अडीच फूट म्हणजे दहा मिलिमीटर, आणि रूळ तेच नऊचे. एक अख्खा मिलिमीटर!

दोन दिवस ते जेवले नाहीत धड. तिसऱ्या दिवशी त्यांनी वर ठेवायच्या मोठ्या डब्याची चौकशी केली, तर आणखी भयंकर गोष्ट निघाली. इंग्रज लोक त्या प्रमाणात मोठं गेज 18.83 ऐवजी साडेसोळा मिलिमीटरचं करतात आणि वर्षानुवर्षं खुशाल तसं चालवतात. म्हणजे एका मिलिमीटरच्या खोट्याच्या पाठीवर सव्वादोनहून जास्तीचं खोटं स्वार होणार. काका सुन्न झाले. मी त्यांना भीत भीत सुचवलं, की वरचा डबा कोणी मोजायला येणार नाही.

‘‘मी येईन ना,’’ ते म्हणाले. 18.83 वाल्यांचा तिकडे एक कर्मठ पंथ आहे असं त्यांना कळलंय. त्यांची अचूक चाकं मागवली आहेत, नऊला पडली. तोवर वरचा डबा बिनचाकांचा आडवा ठेवलाय, आणि काकू त्याच्यात टाचण्या ठेवतात.