पाहिजेत : ज्येष्ठ सल्लागार (अनुभव हवा, हिशेब नको)

बारावीचा निकाल लागला की पोफळीतल्या घराघरांत एकच विषय निघतो : पोराचं पुढे काय? पूर्वी हा प्रश्न फार छळत नसे. बाप कोयनेच्या वीजघरात, म्हणून पोरगाही आयटीआय करून वीजघराच्या दारात उभा. मग वीज मंडळाची कंपनी झाली, भरती आटली आणि पोरं चिपळूणच्या स्टँडवरून मुंबई-पुण्याच्या गाड्या पकडू लागली. पालकांच्या आग्रहाखातर यंदा या सदरातून आम्ही एक नवं क्षेत्र सुचवत आहोत. शासनाचे ज्येष्ठ धोरण सल्लागार व परराष्ट्र व्यवहार तज्ज्ञ! भांडवल लागत नाही, काम बसून करायचं असतं, आणि बिघडलंच काही तर निस्तरायला दुसरी माणसं असतात.

आवड गावात आहेच. कुंभार्ली घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुठल्याही टपरीशी सकाळी आठला उभं राहा. एका कटिंगमध्ये युक्रेन मिटतो, दुसऱ्या कटिंगमध्ये तैवान. पण ही झाली हौशी मंडळी, चहाचे पैसे स्वतः देणारी. आम्ही बोलतोय ते धंदेवाईकांबद्दल. त्यांचा आदर्श शोधायला फार लांब जायला नको. पोफळीच्या वीजघरातून सुटलेल्या पाण्याबरोबर खाली खाडीच्या तोंडापर्यंत गेलं की पुरे.

आधी या पाण्याचंच ऐका. कोयना मुळात घाटावरची. कराडला कृष्णेला मिळायचं आणि पार बंगालच्या उपसागरापर्यंत जायचं, हा तिचा खानदानी रिवाज. धरण बांधून तिला अडवलं, सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला वळवलं आणि पोफळीच्या डोंगरात कोरलेल्या वीजघरात उतरवलं. तिथून कोळकेवाडी, मग वाशिष्ठी, चिपळूण आणि शेवटी दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्र. नदीने परराष्ट्र धोरणच बदललं म्हणा! तेही मोकाट नाही. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घालून ठेवली आहे. सगळे टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅटच्या घरात.

या वीजघरात लॉगबुक नावाची एक वस्तू असते. मशीन किती वाजता लावलं, लोड किती, कळव्याच्या लोड डिस्पॅचकडून फोन कधी आला, बेअरिंगचं तापमान काय, सगळं लिहायचं आणि खाली सही ठोकायची. पाळी बदलताना येणारा ते वाचतो आणि मगच खुर्चीत बसतो. आमच्या शेजारचे एक निवृत्त ऑपरेटर सांगतात, “रात्री तीनला मशीन ट्रिप झालं ना, तर सकाळी साहेब आधी लॉगबुक मागायचा, चहा मागाहून. ‘आपोआप झालं साहेब’ असं म्हणून सुटायची सोय नव्हती.” ट्रिपिंगचं कारण सापडेपर्यंत ज्याची पाळी त्याची मान.

सल्लागाराच्या कामात हे पुस्तक नसतं. पालकांनी एवढी एकच गोष्ट लक्षात घेतली तरी बाकीचं आपोआप जमतं.

आता आदर्श पाहू. फ्रँक विस्नर. १९६१ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात लागले. वडील सीआयएच्या पहिल्या फळीतले, त्यामुळे ‘वडील वीजघरात’ हा निकष तिथेही पुरा होतो. झांबिया, इजिप्त आणि फिलिपिन्स अशा तीन देशांत राजदूत. १९९१ मध्ये ते मनिलात पोचले न पोचले तोच तिथल्या सिनेटने अमेरिकेच्या सुबिक बेच्या नाविक तळाचा नवा करार फेटाळला. दोष त्यांचा नव्हता, पण पोफळीत एवढं मोठं मशीन बंद पडलं असतं तर ज्याची पाळी त्याला निदान मेमो मिळाला असता. विस्नर परत गेले ते वरच्या पदावर. आधी परराष्ट्र खात्यात उपमंत्र्याच्या दर्जाचं पद, मग संरक्षण खात्यात धोरण विभागाचे प्रमुख. १९९४ मध्ये ते भारतात राजदूत म्हणून आले आणि आपल्या जिल्ह्याचं भाग्य उजळलं.

त्याचं असं झालं होतं की त्या आधीच, जून १९९२ मध्ये, ह्यूस्टनच्या एन्रॉन कंपनीची माणसं भारतात उतरली होती आणि आठवडा उलटायच्या आत राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार करून मोकळी झाली होती. गुहागर तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी, अंजनवेल-वेलदूरला दोन हजार मेगावॅटचा प्रकल्प. नाव दाभोळ. दाभोळ हे गाव खाडीच्या पलीकडे, दापोली तालुक्यात. परराष्ट्र व्यवहारात एवढा भूगोल चालायचाच.

इंधन परदेशातून आणायचं, हिशेब डॉलरमध्ये मांडायचा, आणि मंडळाने वीज घेवो न घेवो, क्षमतेचे पैसे मोजायचेच. १९९३ मध्ये जागतिक बँकेने पाहणी करून सांगितलं की प्रकल्प गरजेपेक्षा मोठा आहे, वीज महाग पडेल, आम्ही पैसे देणार नाही. हाही सल्लाच होता. पण सल्ल्याची एक जात अशी असते की ती ऐकली तर करार होत नाही. ती फाइलला लावून ठेवायची असते. त्याच वर्षी डिसेंबरात वीज खरेदीचा करार झाला.

एन्रॉनच्या लिंडा पॉवर्स यांनी पुढे अमेरिकी संसदेच्या समितीसमोर मोकळेपणाने सांगितलं की या प्रकल्पासाठी भारतीयांच्या शिक्षणावर आणि प्रकल्पाच्या जुळवाजुळवीवर कंपनीने दोन कोटी डॉलर खर्च केले. आमच्या जिल्ह्यात कर्वे-टिळकांपासून शिक्षणाची परंपरा आहे, पण इतकी महागडी शाळा कुठे भरली आणि कोणकोणते विद्यार्थी पास झाले, याची गुणवत्ता यादी अजून लागलेली नाही.

फुकटचे सल्लागारही होते. वेलदूर, अंजनवेल, रानवी, काताळवाडीच्या लोकांनी सांगितलं की मासळी जाईल, पाणी जाईल, जमीन तर गेलीच आहे. त्यांना मानधन वेगळ्या पद्धतीने मिळालं. ३ जून १९९७ च्या पहाटे वेलदूरमध्ये पोलीस घुसले आणि बायाबापड्यांना घरातून ओढून बडवलं. ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने त्यावर जानेवारी १९९९ मध्ये अख्खा अहवाल काढला. ज्यांचा सल्ला अखेर खरा ठरला त्यांच्या अंगावर लाठीचे वळ उठले. हा भाग करिअर मार्गदर्शनात सहसा सांगत नाहीत. आम्ही एवढ्यासाठी सांगतो की मुलांनी या शाखेकडे चुकूनही वळू नये.

मधल्या काळात राज्यात शिवसेना-भाजप युती आली होती. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची घोषणा झाली होती आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशींनी विधानसभेत प्रकल्प रद्दही केला. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने त्याआधीच इशारा दिला होता की असं काही कराल तर परदेशी गुंतवणूक बिचकेल. मग एन्रॉनच्या रिबेका मार्कबाई ‘मातोश्री’वर जाऊन आल्या, वाटाघाटींची समिती नेमली गेली, आणि बुडवायला नेलेला प्रकल्प पाण्यातून वर आला तो २,०१५ मेगावॅटचा २,१८४ मेगावॅट होऊन! मे १९९६ मध्ये वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने जाता जाता केंद्राच्या प्रतिहमीवर शिक्का मारला. विश्वासदर्शक ठराव जिंकायला वेळ पुरला नाही, प्रतिहमीला पुरला.

या सगळ्या काळात अमेरिकी राजदूत आपल्या देशाच्या कंपनीची बाजू नेटाने मांडत होते. यात आक्षेप घेण्यासारखं काही नाही. तो त्यांचा पगारच होता आणि त्यांनी तो हलाल केला. आपल्या बाजूचे पगारदार कुणाची बाजू मांडत होते हा प्रश्न त्यांना विचारून उपयोग नाही. विस्नरसाहेबांनी १९९७ च्या मध्यावर दिल्ली सोडली. ऑक्टोबर संपायच्या आत ते एन्रॉन ऑइल अँड गॅस या कंपनीच्या संचालक मंडळावर होते. ही एन्रॉनचीच उपकंपनी, मुंबईजवळच्या समुद्रातल्या पन्ना-मुक्ता आणि ताप्ती या तेल-वायू क्षेत्रांत भागीदार. नियम मोडला असं कुणी सिद्ध केलेलं नाही. नियमच असे सुबक शिवलेले असतात की मोडावे लागत नाहीत.

विद्यार्थ्यांनी पुढचं टिपून घ्यावं, कारण खरी कमाई निवृत्तीनंतर सुरू होते. त्याच वर्षी ते एआयजी या अवाढव्य विमा कंपनीचे उपाध्यक्ष झाले, विषय अर्थातच परराष्ट्र व्यवहार. २००८ मध्ये एआयजी कोसळायला आली आणि अमेरिकी सरकारला सुरुवातीलाच ८५ अब्ज डॉलरची थुणी लावावी लागली. २००९ मध्ये विस्नर तिथून बाहेर पडून पॅटन बॉग्ज या वॉशिंग्टनच्या वकिली फर्ममध्ये सल्लागार झाले. तिच्या अशिलांत इजिप्तचं सरकारही होतं. जानेवारी २०११ मध्ये कैरोच्या तहरीर चौकात लाखो माणसं उतरली तेव्हा ओबामांना माहीतगार माणूस हवा होता. त्यांनी पाठवलं विस्नरना, मुबारक यांना समजवायला. परतल्यावर एका परिषदेत ते म्हणाले की मुबारक यांनी पदावर राहणं अत्यावश्यक आहे. वॉशिंग्टनने लगोलग हात झटकले, हे त्यांचं वैयक्तिक मत म्हणे! आठवड्याच्या आत मुबारक गेले. अंदाज साफ चुकला म्हणून टीव्हीवाल्यांनी विस्नरना बोलावणं बंद केलं का? छे. २०२५ मध्ये ते वारले तेव्हाही उल्लेख ‘मुरब्बी मुत्सद्दी’ असाच झाला, आणि ते मुरब्बी होते यात शंका नाही.

आपल्याकडे पूर्वी हा धंदा एवढा बिनधोक नव्हता. याच जिल्ह्यात वेळासला ज्यांचं मूळ घर, त्या नाना फडणवीसांनी इंग्रज, फ्रेंच, निजाम आणि टिपू या चौघांशी एकाच वेळी परराष्ट्र व्यवहार चालवला. घरच्या राजकारणात फासा उलटा पडला तेव्हा १७९७ च्या अखेरीस त्यांना पकडून नगरच्या किल्ल्यात टाकलं. आताच्या सल्लागाराचा फासा उलटा पडला तर तो फार तर दुसऱ्या वाहिनीवर जातो.

अंजनवेलचं पुढे काय झालं ते विद्युत ग्राहक या नात्याने तुम्हाला ठाऊक आहेच. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. मंडळाला स्वतःची स्वस्तातली मशीनं थांबवून ही वीज घ्यायची वेळ आली आणि युनिटचा दर चढत चढत सात रुपयांपलीकडे गेला. मे २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबवली, प्रकल्प बंद पडला. माधव गोडबोले समितीने कराराची चिरफाड केली. तिकडे व्हाइट हाउसच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने ‘दाभोळ वर्किंग ग्रुप’ नेमला आणि उपाध्यक्ष डिक चेनी यांनी सोनिया गांधींच्या भेटीत विषय काढला. खाडीच्या कुठल्या तीरावर दाभोळ आहे हे त्या गटाला कुणी सांगितलं होतं का, कळत नाही. २ डिसेंबर २००१ रोजी एन्रॉननेच दिवाळं काढलं. २००५ मध्ये एनटीपीसी, गेल वगैरेंनी, म्हणजे तुम्हीआम्ही, रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने तो संसार अंगावर घेतला. क्षमता १,९६७ मेगावॅट. त्यातले पाचएकशे मेगावॅट रेल्वेला द्यायला २०१५ चा नोव्हेंबर उजाडला.

एकाच नदीच्या वरच्या अंगाला १,९६०, खालच्या अंगाला १,९६७. जवळपास बरोबरी. वरच्या अंगाला १९६७ च्या भूकंपाने हादरे दिले, तरी पोफळीची मशीनं कळव्याचा फोन आला की आजही फिरतात. खालच्या अंगाला भूकंप झाला नाही, नुसते सल्लागार येऊन गेले. दोन्हीकडे काम करणाऱ्यांचं शिक्षण ताडून पाहा आणि मग पोराला कुठे घालायचं ते ठरवा. वरची नोकरी मिळाली तर पाळ्या, पावसाळा, घाटात कोसळलेली दरड आणि आयुष्यभर सही. खालची मिळाली तर विमान, परिषदा आणि सहीच्या जागी ‘मतं वैयक्तिक आहेत’ ही ओळ.

राहता राहिली एन्रॉन प्रकरणाची चौकशी. राज्याने २००१ मध्ये न्यायमूर्ती कुर्डूकर यांचा आयोग नेमला होता. केंद्र सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि आयोगाचं काम थांबलं. सिटू या कामगार संघटनेची याचिका १९९७ पासून तिथेच पडून होती. एप्रिल २०१९ मध्ये, इतक्या वर्षांनी हे उकरून काढण्यात आता अर्थ नाही असं म्हणत, सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केलं.