आधी कपाट उघडा, मग निबंध मागा

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात पत्र येतं, व्ह्यू-काउंटरव्ह्यू येतं, गोष्ट लिहायला येते. तयारी मात्र बहुतेक ठिकाणी एकच: नमुना पाठ करायचा, नाव-गाव-तारीख बदलायची आणि उतरवायचा. त्याच मुलाला स्वतःच्या मनातल्या चार ओळी लिहायला सांगा, पेन अडतं. अडणारच. जी वाक्यं कधी डोळ्यांखालून गेलीच नाहीत, ती हातातून कुठून उतरणार?

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षं हा विषय शिकूनही पाठ्यपुस्तकाबाहेरचं एकसुद्धा इंग्रजी पुस्तक न वाचलेली मुलं मराठी शाळांतून बाहेर पडतात. हा दोष मुलांचा नाही. त्यांच्या हातात पुस्तक दिलंच कोणी?

फिजीत १९८०च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई या संशोधकांनी नेमकं हेच करून पाहिलं. खेड्यांतल्या शाळा, घरी इंग्रजी नाही, वर्ग चौथी-पाचवीचे. आठ शाळांना प्रत्येकी २५० गोष्टींची पुस्तकं दिली. काही वर्गांत शिक्षक गोष्ट मोठ्याने वाचत, मुलांशी तिच्यावर बोलत. काहींत मुलं रोज वीस-तीस मिनिटं आपापली गुपचूप वाचत. बाकीच्या शाळांत नेहमीचा वाक्यं घोकण्याचा अभ्यासक्रम चालू राहिला. आठ महिन्यांत पुस्तकवाली मुलं वाचून आणि ऐकून समजण्यात बरीच पुढे गेली. वीस महिन्यांनी हा फायदा त्यांच्या लेखनातही उतरला. लेखन उशिरा आलं, हे नीट लक्षात घ्या. आपल्याकडे सहामाहीपर्यंतही धीर धरवत नाही.

‘ही डिड नॉट वेंट’ या वाक्यावर आमचे शिक्षक वर्षानुवर्षं लाल शाई फिरवतात. नियम मुलाला तोंडपाठ असतो, तरी चूक होते. कारण लिहिताना नियम आठवायला सवड नसते, कानात बसलेलं वाक्य आपोआप येतं. गोष्टींमधून ‘डिड नॉट गो’ शंभरदा भेटलेल्या मुलाला ‘वेंट’ खटकू लागतं.

पुस्तकं मात्र सोपी हवीत, अगदी सोपी. आठवीच्या मुलाने दुसरीच्या पातळीचं इंग्रजी पुस्तक वाचलं तर त्याला हसणाऱ्याला वर्गाबाहेर काढा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पातळीनुसार लावलेल्या गोष्टी फुकट मिळतात, त्यातल्या कित्येक मराठीतही आहेत. आधी मराठीत वाचा, मग तीच इंग्रजीत. मग वही काढा: हीच गोष्ट त्यातल्या आजीने सांगितली तर कशी सांगेल? शेवट बदलला तर? गोष्टीतली वाक्यं मुलांनी उचलली तर उचलू द्या. नमुना पाठ करणं वेगळं. इथे मूल आपल्याला हवं ते सांगण्यासाठी वाक्य उचलतं.

पैसे नाहीत, ही सबब सगळीकडे खरी नाही. कित्येक शाळांत पुस्तकं आहेत, कुलपात. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झालेलं पुस्तक हरवलं तर भरपाई आपल्या गळ्यात पडेल, ही शिक्षकांची भीती आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. ती घालवणं शिक्षण खात्याच्या हातात आहे. वाचून फाटलेल्या, मुलांकडून हरवलेल्या पुस्तकाबद्दल शिक्षकाला जाब विचारला जाणार नाही, एवढं एक परिपत्रक काढा. आणि वेळापत्रकात रोजची वीस मिनिटं लिहून द्या. पुढच्या जूनची वाट न पाहता.