नानांचा सागरी महामार्ग

सोलापुरात पाण्याचा विषय निघाला की नळाला किती दिवसांआड येतं, इथंच तो संपतो. आमचे नाना मात्र थेट समुद्रावर जातात. नवी पेठेतल्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते कोकणचा रेवस-रेडी सागरी महामार्ग आखत बसतात. बॅरिस्टर अंतुल्यांनी पाहिलेलं हे स्वप्न. सरकारचे खाड्यांवरचे पूल अजून पुरे व्हायचेत, नानांचे कागदावर कधीच झालेत.

कागद म्हणजे दुकानाचीच लाल वही. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. जमेला : ‘आरे-वारे, समुद्र बघणे, १० मिनिटे (गाडीतूनच).’ नावे बाजूला : ‘पेट्रोल, चहा, हिला चप्पल.’

दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला इथं गाडी फेरीबोटीवर चढवून खाडी ओलांडायची, हे कळल्यावर नाना दोन दिवस गप्पच होते. तिसऱ्या दिवशी मला गाठून म्हणाले, “बोटीत गाडी गिअरमध्ये ठेवायची का न्यूट्रल, ओ?”

खरं भांडण दिशेवरून. नाना आधी पुण्याला, मग रेवसला जाऊन खाली रेडीपर्यंत येणार. काकूंनी एका वाक्यात वही बंद केली. “खाली येताना समुद्र उजव्या हाताला. म्हणजे तुम्हाला समुद्र आणि मला डोंगर, असं कसं ओ?”

“चालवणाऱ्याला वारं नको का?” नाना पुटपुटले.

पण हिशेब बिनतोड होता. रेडीकडून वर निघालं की समुद्र डावीकडे, काकूंच्या खिडकीत, आणि गाडीही पाण्याच्या बाजूनं. शिवाय सोलापूरहून कोल्हापूर, आंबोली, सावंतवाडी करत रेडी गाठणं सरळ. नानांनी अख्खी वही उलट्या क्रमानं लिहून काढली. चूक कबूल केली नाही ती नाहीच. म्हणे, ‘उन्हाचा विचार करून’ बदललं.

घरात मासळी चालत नाही. त्यामुळं डिक्कीत कडक भाकऱ्यांची चळत, शेंगाचटणीचा डबा आणि दोन चादरी. मालवणात बसून शेंगाचटणी खाणारा माणूस सोलापूरचाच, हे वेगळं सांगायला नको.

तुम्ही निघणार असाल तर नानांची वही मागू नका. काकूंचं ऐका : रेडीकडून निघा, आणि पावसाळ्यात फेरीबोट चालू आहे का, ते विचारूनच खाडीकडं वळा.